गुणतक्त्यातून पाहिलेली फुटसालची पात्रता फेरी

फुटसाल म्हणजे छोट्या कोर्टवर पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल. आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) फुटसाल आशियाई चषक २०२६ साठीची पात्रता फेरी २० ते २४ सप्टेंबर २०२५ या पाच दिवसांत आशियातील निरनिराळ्या शहरांमध्ये पार पडली. जूनमध्ये क्वालालंपूरला गटांची सोडत निघाली तेव्हापासून अखेरच्या सामन्याचा बझर वाजेपर्यंत ही सारी प्रक्रिया मी वही-पेन्सिल घेऊन, नियमावली शेजारी ठेवून पाहिली. फुटबॉलच्या पात्रता सामन्यांची चर्चा आपल्याकडे आता घराघरांत होते, परंतु फुटसालची पात्रता फेरी नेमकी चालते कशी, कोणता गोल कुठे मोजला जातो आणि हरलेल्या सामन्याचेही वजन कुठे पडते, याविषयी मराठीत फारच थोडे वाचायला मिळते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे.

माझे लक्ष अर्थातच भारतीय पुरुष संघाकडे होते. हा संघ अगदी नवा आहे. आशियाई पातळीवर ही स्पर्धा १९९९ पासून भरते, आणि २०२४ पर्यंतच्या सतरा स्पर्धांपैकी तेरा इराणने व चार जपानने जिंकल्या आहेत. तिसऱ्या कोणत्याही देशाला तोवर हे विजेतेपद मिळालेले नव्हते. भारतात मात्र राष्ट्रीय पातळीवरची पहिली क्लब स्पर्धा २०२१ मध्ये दिल्लीत झाली, आणि भारतीय संघ पात्रता फेरीत प्रथम उतरला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे येथे. यजमान ताजिकिस्तान, पॅलेस्टाइन आणि म्यानमार असा तो गट होता. त्या वेळी भारताला एकही विजय मिळाला नाही. पुढे त्याच ताजिकिस्तानने २०२४ च्या आशियाई चषकात उपांत्य फेरी गाठली आणि फुटसाल विश्वचषकातही स्थान मिळवले, हे लक्षात घेतले तर पहिल्याच खेपेला आपली गाठ कोणाशी पडली होती ते कळते. त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी निकालाबरोबरच रचनाही नीट समजून घ्यायची ठरवले.

रचना अशी होती. एकूण ३१ संघ, आठ गट. त्यांतील सात गट चार-चार संघांचे आणि एक तीन संघांचा. प्रत्येक गटाचे सर्व सामने एकाच यजमान देशात, प्रत्येक संघ गटातील इतरांशी एकेकदाच खेळणार. युरोपातही पूर्वी पात्रता फेरीचे बरेचसे टप्पे अशाच एका ठिकाणी भरणाऱ्या छोटेखानी स्पर्धांतून होत असत. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून खेळण्यापेक्षा यात खर्च कमी लागतो, पण एका वाईट संध्याकाळची भरपाई करायला दुसरी संधीही राहत नाही. आठ गटविजेते मुख्य स्पर्धेत, त्यांच्यासोबत दुसऱ्या क्रमांकावरील आठ संघांपैकी सर्वोत्तम सात, आणि यजमान म्हणून इंडोनेशिया थेट, असे मिळून सोळा संघ जकार्त्याला जाणार होते.

ही संख्या पहिल्यांदा वाचली की वाटते, मग काय, दुसरा क्रमांक मिळवला की झाले. आठांतला एकच तर बाहेर पडणार. मलाही या आकडेवारीत भारतासाठी वाट दिसत होती, आणि ती सोडतीने किती अरुंद केली हे गटाकडे पाहताच समजले. भारत गट ‘अ’मध्ये होता आणि सोबत कुवेत, ऑस्ट्रेलिया व मंगोलिया. कुवेत हा गटाचा यजमान. २०२२ चा आशियाई चषकही त्यांनीच भरवला होता. ऑस्ट्रेलिया तर १९८९ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या पहिल्या फुटसाल विश्वचषकात खेळलेला देश. या दोघांपैकी एकाला मागे टाकल्याशिवाय भारताला पुढे जाणे शक्य नव्हते.

सामने सुरू होण्याआधी मी वहीत प्रत्येक सामन्यासाठी एक पान आखले. डावीकडे गोल आणि त्यांची वेळ, मध्यभागी दोन्ही संघांच्या फाउलच्या उभ्या रेघा, उजवीकडे टाइमआउट आणि गोलरक्षकाच्या जागी मैदानी खेळाडू कधी आणला त्याची नोंद. मैदानावरच्या फुटबॉलसाठी एवढी तयारी करावी लागत नाही. फुटसालमध्ये मात्र घड्याळच वेगळे असते: प्रत्येकी वीस मिनिटांची दोन सत्रे, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे शेवटची दोन मिनिटे प्रत्यक्षात दहा मिनिटांहून अधिकही चालू शकतात. एका वेळी गोलरक्षकासह पाचच खेळाडू कोर्टवर, बाकावर जास्तीत जास्त नऊ, आणि खेळ न थांबवता हवे तितके बदल. प्रत्येक सत्रात प्रत्येक संघाला एक मिनिटाचा एक टाइमआउट. चेंडू आत आणायला, कोपऱ्यावरून मारायला किंवा गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या भागात चेंडू ताब्यात ठेवायला अवघे चार सेकंद. पंचाची बोटे हवेत मोजणी करू लागली की पाहणाऱ्याचाही श्वास आपोआप रोखला जातो.

फाउलच्या रेघांविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण माझ्या मते फुटसालचा सामना वाचायचा असेल तर गोलफलकाआधी या रेघांकडे पाहावे. एका सत्रात संघाच्या नावावर पाच फाउल जमा झाले की टाइमकीपरच्या मेजावर त्या संघाच्या बाजूला तशी खूण ठेवली जाते. त्यानंतरच्या प्रत्येक फाउलला प्रतिस्पर्ध्याला थेट फ्री किक मिळते आणि तिच्यासमोर भिंत उभी करता येत नाही. दहा मीटरच्या खुणेवरून, किंवा फाउल त्याहून जवळ झाला असेल तर त्या जागेवरून, मारणारा आणि गोलरक्षक असे दोघेच समोरासमोर येतात. साहजिकच चौथी रेघ पडल्यावर बचाव करणाऱ्या खेळाडूंचे पाय बदलतात. ते अंगावर जाऊन चेंडू हिसकावण्याऐवजी एक पाऊल मागे राहून वाट अडवू लागतात, आणि समोरचा संघ कसलेला असेल तर त्या एका पावलाच्या जागेतच आपली चाल बसवतो. अनुभवी संघ आपले फाउल सत्राच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवतात, असे मला पानामागून पान भरताना दिसत गेले. नवख्या संघाच्या रेघा पहिल्या दहा मिनिटांतच दाटीने उभ्या राहतात.

दुसरी बाब समान गुणांची. चार संघांच्या आणि तीनच सामन्यांच्या गटात दोन किंवा तीन संघ समान गुणांवर येणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि आशियाई महासंघाच्या स्पर्धांमध्ये अशा वेळी आधी एकूण गोलफरक पाहत नाहीत. आधी पाहतात ते बरोबरीत असलेल्या संघांच्या आपसांतील सामन्यांचे गुण, मग त्याच सामन्यांतील गोलफरक, मग त्यातील गोल. एकूण गोलफरकाची पाळी त्यानंतर येते. एवढ्यानेही निकाल लागला नाही आणि ते दोन संघ शेवटच्या दिवशी एकमेकांविरुद्धच खेळत असतील, तर साखळी सामना असूनही तिथेच पेनल्टींवर क्रम ठरवला जातो. त्याच्याही पुढे शिस्तीचे गुण येतात, म्हणजे पिवळ्या कार्डाला एक आणि थेट लाल कार्डाला तीन, आणि सर्वांत शेवटी चिठ्ठी. बेपर्वाईने घेतलेले पिवळे कार्ड संघाला घरी पाठवू शकते, ही गोष्ट कागदावर दूरची वाटली तरी प्रशिक्षकाच्या डोक्यात ती असावीच लागते.

पण या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा नियम वेगळाच आहे, आणि तोच समजून घ्यायला मला सर्वाधिक वेळ लागला. दुसऱ्या क्रमांकावरील आठ संघांची आपसांत तुलना करायची, तर त्यांतील एकाने दोनच सामने खेळलेले असतात, कारण त्याचा गट तीन संघांचा. इतर सातांनी तीन सामने खेळलेले. ही विषमता दूर करण्यासाठी चार संघांच्या गटांत चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या संघाविरुद्धचा निकाल या तुलनेपुरता वगळतात. म्हणजे समजा, एखाद्या संघाने गटातील सर्वांत दुबळ्या संघावर ९-० असा विजय मिळवला, तिसऱ्याला २-१ असे हरवले आणि गटविजेत्याशी १-३ असा हरला. त्याच्या गटाच्या तक्त्यात सहा गुण आणि अधिक आठ असा भरघोस गोलफरक दिसेल. दुसऱ्या क्रमांकांच्या तक्त्यात मात्र त्याच संघाकडे तीन गुण आणि उणे एक गोलफरक उरेल. दुबळ्या संघावर केलेले ते नऊच्या नऊ गोल तिथे पोचतच नाहीत. उलट तिसऱ्या संघाविरुद्ध दोनऐवजी तीन गोल झाले असते, तर तो एकच गोल पुढे कामी आला असता.

हे एकदा उमगले की पात्रता फेरीतला प्रत्येक सामना वेगळ्या नजरेने पाहिला जातो. पाच दिवसांतले तीन सामने हे एका अर्थी एकशे वीस मिनिटांचा एकच सामना असतात, आणि त्यातील कोणती चाळीस मिनिटे अखेरीस वगळली जाणार हे बऱ्याचदा शेवटच्या दिवसापर्यंत ठरलेलेच नसते. गटात तिसरा कोण आणि चौथा कोण, हे वरच्या दोघांच्या दृष्टीने नुसते कुतूहल नसते, तर त्यांच्या हिशेबातला कोणता सामना राहणार आणि कोणता पुसला जाणार, हे त्यावर ठरते. एक तक्ता भरताना दुसरा हलतो. मी गटाचा एक आणि दुसऱ्या क्रमांकांचा एक असे दोन्ही तक्ते शेजारी ठेवले होते, आणि प्रत्येक सामन्यानंतर दुसऱ्या तक्त्यात शक्यता पेन्सिलीने लिहीत होतो, कारण त्या खोडाव्या लागणार हे उघड होते.

भारताचे कुवेत आणि ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्धचे दोन्ही सामने पराभवात गेले. ते पराभव मला अनपेक्षित नव्हते, पण त्यांतून जे दिसले ते नोंदवण्यासारखे आहे. अशा संघांविरुद्ध खेळताना फरक चेंडूवरच्या कौशल्यात जेवढा असतो, त्याहून जास्त तो चेंडू गमावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत असतो. मोठ्या मैदानावर चेंडू गेला तरी मागे माणसे असतात, अंतर असते, सावरायला उसंत मिळते. चाळीस मीटर लांबीच्या कोर्टवर चेंडू गेला म्हणजे समोरचा संघ दोन पासमध्ये गोलसमोर पोचलेला असतो. फुटसालचा चेंडूही आकाराने लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटरवरून टाकला तर पहिल्या टप्प्याला तो पासष्ट सेंटिमीटरहून वर येता कामा नये. तो पायाच्या तळव्याने थांबवून फिरवायची सवय ज्यांना लहानपणापासून आहे, त्यांचे डोके वर असते आणि नजर साथीदाराकडे असते. गवतावर फुटबॉल शिकून नंतर या खेळात आलेल्यांची नजर त्या एका क्षणासाठी चेंडूकडे जाते, आणि तेवढ्यात दार बंद होते. आपल्या संघाचे प्रशिक्षक इराणचे रझा कोर्डी होते. ज्या देशाने हा खेळ आशियात सर्वांत आधी आत्मसात केला तिथला माणूस आपल्याकडे असणे ही मोठीच जमेची बाजू आहे, पण अशा सवयी एखाद्या शिबिरात अंगी बाणत नाहीत.

गोलरक्षक काढून पाचवा मैदानी खेळाडू आणण्याचा डावही या संदर्भात पाहायला हवा. पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत असे करतो, तेव्हा पाच विरुद्ध चार अशी संख्या होऊन चेंडू त्याच्याकडे राहतो, परंतु एक पास चुकला की स्वतःचा गोल उघडा पडलेला असतो. बाद फेरीत हा जुगार खेळण्यावाचून गत्यंतर नसते. पात्रता गटात मात्र प्रश्न अवघड होतो. दोन गोलांनी मागे असताना एक गोल फेडण्यासाठी धोका पत्करायचा, की फरक वाढू नये म्हणून गप्प बसायचे, याचे उत्तर त्या सामन्यात नसून तक्त्यात असते. अशा वेळी प्रशिक्षक मेजाकडे, घड्याळाकडे आणि मग आपल्या बाकाकडे पाहतो, ते पाहताना मला नेहमी त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघावेसे वाटते. माझे मत विचाराल तर भारतासारख्या नवख्या संघाने तो डाव खेळावा. गोलफरकापेक्षा त्या पाच मिनिटांचा अनुभव आपल्याला अधिक मोलाचा आहे.

२४ सप्टेंबरला भारताची गाठ मंगोलियाशी होती. दोन पराभवांनंतर आपल्या पात्रतेचा प्रश्न संपला होता, आणि वरवर पाहणाऱ्याला तो सामना केवळ वेळापत्रकात आहे म्हणून होणारा वाटला असता. भारताने तो ३-० असा जिंकला. फुटसालमधील भारताच्या पुरुष संघाचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय होता. तीन गोल केल्याचा आनंद होताच, पण त्याहून मला भावली ती शून्याची बाजू. या खेळात चाळीस मिनिटे एकही गोल न खाणे दुर्मीळ असते, आघाडीवर असताना तर विशेषच, कारण समोरचा संघ गमावण्यासारखे काही नसल्यासारखा चालून येतो. आधीच्या दोन सामन्यांत चेंडू गेल्यावर विस्कळीत होणारी आपली फळी या वेळी भानावर राहिली होती.

आणि तो सामना निव्वळ औपचारिकही नव्हताच. भारत तिसरा राहिल्यामुळे कुवेत आणि ऑस्ट्रेलिया यांपैकी जो दुसरा येणार, त्याचा भारताविरुद्धचा निकाल आठ संघांच्या तक्त्यात धरला जाणार होता आणि मंगोलियाविरुद्धचा गळणार होता. आपण हरलो असतो तर नेमके उलटे झाले असते. म्हणजे स्वतः स्पर्धेबाहेर पडलेला संघ, आपल्या शेवटच्या सामन्यात, दुसऱ्याचा कोणता सामना जिवंत राहणार हे ठरवत होता. वहीतल्या दुसऱ्या तक्त्यातील पेन्सिलीची ओळ खोडून मी तिथे पेनाने आकडे लिहिले, तेव्हा या तीन गोलांचे वजन मला पुरतेपणी जाणवले.

त्यानंतर उरले ते इतर गटांचे निकाल गोळा करणे. गटविजेत्यांची नावे पटापट भरली गेली. दुसऱ्या क्रमांकांचा तक्ता मात्र सर्व गटांतले तिसरे-चौथे निश्चित होईपर्यंत लावता येत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी लागला. अखेर सोळांच्या यादीत कुवेत आणि ऑस्ट्रेलिया दोघेही होते. म्हणजे भारताला ज्या दोन संघांनी हरवले, ते दोन्ही जकार्त्याला जाणाऱ्यांपैकी होते. यादीत अफगाणिस्तानही होता, आणि त्याचे नाव लिहिताना मला वेगळेच समाधान वाटले. २०२४ मध्ये या देशाने पहिल्यांदा फुटसाल विश्वचषकात प्रवेश मिळवला, त्याच वेळी चार वेळचा आशियाई विजेता जपान गटातच बाद होऊन विश्वचषकाला मुकला होता. आशियातील फुटसालची उतरंड पक्की आहे असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत.

दुशान्बे ते कुवेत या दोन वर्षांत भारतीय संघाच्या वाट्याला पात्रता फेरीचे सामने आले ते सहा. पात्र न ठरणाऱ्या संघांना ही स्पर्धा एवढीच संधी देते, आणि पाच दिवसांत तीन सामने खेळून संघ परततो. मधल्या काळात खेळाडू काय खेळतात, यावर सगळे अवलंबून आहे. राज्य संघटनांनी वर्षातून एखादी स्पर्धा उरकण्याऐवजी काही महिने चालणारी फुटसालची साखळी भरवावी, तिच्यात घड्याळ थांबवणारा प्रशिक्षित टाइमकीपर असावा, फाउलची मोजणी काटेकोर व्हावी आणि चार सेकंदांचा नियम खरोखर लावला जावा, असे मला मनापासून वाटते. टर्फवर पाच-पाच जण खेळतात त्याला आपण सर्रास फुटसाल म्हणतो, पण जाळीवर आदळून परत येणारा चेंडू, सलग धावणारे घड्याळ आणि न मोजलेले फाउल यांतून सहाव्या फाउलची धास्ती घेऊन बचाव करणारा खेळाडू तयार होणार नाही.

पुढच्या पात्रता फेरीची सोडत निघेल तेव्हा संघांची वर्गवारी मागील कामगिरीवरूनच केली जाईल, आणि त्या वेळी मंगोलियावरचा विजय भारताच्या खात्यात असेल. ज्यांना ही प्रक्रिया सुरुवातीपासून पाहायची आहे, त्यांनी सोडत होताच आधी गटांची संख्या आणि प्रत्येक गटातील संघ मोजावेत. गट असमान असतील, तर चौथ्या संघाचा निकाल वगळण्याचे कलम नियमावलीत शोधून काढावे आणि दुसरा तक्ता पहिल्या दिवसापासूनच आखून ठेवावा.